चार इंच उंच

मिस्त्रीनं दोन शॉकॲब्सॉर्बर टेबलावर ठेवले. लांबी सारखीच, जीपच्या जुन्या शॉकपेक्षा जास्त; एक ताठ, दुसरा जरा मऊ.

"ताठ घे," वडील लगेच म्हणाले. "गाडी हलता कामा नये."

मुलगी गुरांची डॉक्टर. डोंगरावरच्या वस्त्यांकडे जाताना जीपचं पोट दगडांना घासायचं, म्हणून तिनं जीप चार इंच उंच करून घेतली होती. शॉक मात्र जुनेच राहिले. काल दरीकडेच्या वळणावर मागचं चाक खड्ड्यात उतरलं, आखूड शॉक पुरता ताणला गेला आणि चाक तळाला न टेकता अधांतरी लोंबलं. जीप दरीकडे झुकली. शेजारी वडील होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, पण त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"मागे वजन किती असतं, डॉक्टर?" मिस्त्रीनं विचारलं.

"लसींची पेटी, पाण्याचा कॅन. कधीतरी एखादं वासरू."

"मग ताठ नको. हलक्या गाडीला ताठ लावला की ती दगडांवर टणाटण उडते. चाकानं जमीन सोडता कामा नये."

"आणि डुलली तर?" वडिलांनी विचारलं.

"उंच गाडी थोडी डुलणारच, काका. सगळंच काही शॉकच्या हातात नसतं."

वडील म्हणाले, "मग गाडी परत खाली करून टाका."

"आणि वर कशी जाऊ, बाबा? गुरांत साथ पसरलीय." तिनं मऊ शॉक मिस्त्रीपुढे सरकवला. "हा लावा."

दुपारी ती निघाली तेव्हा वडील न विचारताच शेजारी येऊन बसले. वाटभर त्यांचा पाय पुढचा पत्रा दाबत होता.

"बाबा, तिथे ब्रेक नाही."

"माहीत आहे."

वळण आलं. डावीकडे डोंगराची भिंत, उजवीकडे दरी. काल चाकाखाली ढासळलेली माती अजून ओली दिसत होती. रस्ता इतका अरुंद की गाडी फिरवायलाही जागा नव्हती. तिनं खड्ड्याच्या अलीकडे जीप थांबवली.

वडील उतरले. त्यांना बघवत नसेल, असं तिला वाटलं. पण ते पुढून वळसा घालून तिच्या बाजूला आले. जीप आणि दरी यांच्यात हातभर जागा होती, तिथे उभे राहिले.

"बाबा, सरका तिथून. कलंडली तर आधी तुमच्यावर येईल."

"तू चल."

"आधी बाजूला व्हा."

"अंधार पडायच्या आत वर पोचायचंय ना? चल, पोरी. सावकाश."

तिनं पहिला गिअर टाकला. पुढचं चाक खड्ड्यातून पार झालं. मग मागचं उतरलं. या वेळी ते तळाला टेकलं, टेकूनच राहिलं. तरीही जीप दरीकडे कलली.

तिनं खिडकीतून मागे पाहिलं. टाचा मातीत रोवून, मान खाली घालून, दोन्ही तळहात पत्र्याला लावून वडील जीप पेलून धरत होते.