सत्तर किलोचं इंजिन

"वजन किती उचलायचंय?" उदयने विचारलं.

यतीन गॅरेजच्या छताकडे बघत राहिला. "सत्तरएक किलो धर."

"कशाचं?"

"इंजिनाचं. आमच्या शशीची जुनी गाडी, तिचं इंजिन बाहेर काढून नीट करायचंय. वर एक बीम टाकायचा, त्याला चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळी-कप्पी, लटकवायचा. बाकी इंजिनिअर तू आहेस, तूच सांग."

उदयने टेप काढली. गॅरेजची रुंदी दोन मीटर सत्तर भरली. आत एक फ्रीझर होता, रंगाचे डबे होते, शशीची सायकल होती. गाडी नव्हती.

"गाडी कुठाय?"

"येईल," यतीन म्हणाला. "आधी बीम तर होऊ दे."

घरी येऊन उदय आकडेमोडीला बसला आणि पेन्सिल थांबली. चाळीस वर्षं त्याने लंडनमधल्या इमारतींचे भार मोजले होते. सत्तर किलोचं गाडीचं इंजिन त्याने ऐकलं नव्हतं. सत्तर किलोची माणसं मात्र पुष्कळ. यतीन त्यांतलाच.

यतीनच्या बायकोला, शशीला, जाऊन चार महिने झाले होते. मुलगी सिडनीला. आयुष्य फार्मसीच्या काउंटरमागे काढलेल्या, स्पॅनर कुठल्या बाजूने धरतात हे ठाऊक नसलेल्या एकट्या माणसाला अचानक छताला पोलादी बीम हवा होता.

बायकोला, नीनाला, सांगावं असं उदयच्या ओठांवर आलं होतं. पण यतीनचं काम कर म्हणून तिनेच आठवडाभर मागे लागून त्याला बाहेर काढलं होतं. जानेवारीनंतर त्याने पायात बूट घातले ते त्या दिवशी. शिवाय ती हल्ली कशानेही घाबरायची. बाथरूमला कडी लावली तरी दार वाजवायची. त्याची रात्रीची गोळीसुद्धा पर्समधून एकच काढून हातावर ठेवायची. अशा बाईच्या डोक्याला आणखी घोर कशाला?

नकार देऊन उपयोग नव्हता. यतीनने दुसरा बिल्डर गाठला असता. तेव्हा उदयने इंजिनिअरला शोभेल असा मार्ग काढला. त्याने उशीर करायला सुरुवात केली.

ड्रॉइंगची रिव्हिजन ए झाली, मग बी, मग सी. भिंतीची वीट मऊ ठरली. बीमच्या टोकांखाली काँक्रीटचे ठोकळे बसवायचे ठरले.

"हे पिकायला अठ्ठावीस दिवस लागतात," उदय म्हणाला.

"एवढे?"

"का, घाई आहे तुला?"

"मला कसली घाई," यतीन म्हणाला. "आता कुठे जायचंय."

उदय घाईने म्हणाला, "आणि रोज पाणी मारावं लागेल. मी येत जाईन."

लंडनच्या स्टॅनमोरमध्ये, भर एप्रिलच्या पावसात, काँक्रीटला रोज पाणी मारायला जाणारा तो बहुधा पहिलाच माणूस असावा.

पाणी दोन मिनिटांत व्हायचं. मग चहा, टोस्ट आणि कौन्सिलला शिव्या. यतीन हसला की उदय मनात टिपून ठेवायचा. नाही हसला तर रिव्हिजन डी. दुसऱ्या आठवड्यापासून तो दाढीही करून जाऊ लागला. अशा माणसासमोर सुतकी तोंड घेऊन कसं जायचं?

चेन ब्लॉक आला त्या दिवशी उदयने तो तपासायला म्हणून घरीच उचलून आणला. साखळी बघून नीनाचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कशाला आणलंस?"

"सर्टिफिकेट बघायचंय."

"कार्पेटला तेल लागेल. दे इकडे."

तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि पायात काही न घालता, तीन घरं चालत जाऊन यतीनला परत देऊन आली. उदयला संताप आला. पण सांगणार काय? हिला काही म्हणजे काही कळत नाही, एवढंच तो स्वतःशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी यतीनने साखळी शेजाऱ्याच्या शेडमध्ये ठेवल्याचं सांगितलं. उदयला त्यातल्या त्यात हायसं वाटलं.

मेअखेर दोघांनी मिळून बीम चढवला. आता उरली फक्त बीम वापरायला हरकत नाही अशी उदयची सही. पण रोज सकाळी एखाददुसरा बोल्ट ढिला सापडायचा.

"काल घट्ट केला होतास ना?"

"केला होता बुवा."

"गोळ्या मोजून मोजून हातातला जोर गेलाय तुझ्या," उदय म्हणायचा आणि मनातून देवाचे आभार मानायचा. बोल्ट ढिला तोवर सही नाही. सही नाही तोवर साखळी नाही.

मग एका गुरुवारी सगळे बोल्ट घट्ट निघाले. उदयने दोनदा तपासले. यतीन स्पॅनर पुसत उभा होता.

"झालं म्हणायचं," शेवटी तो म्हणाला. "फार केलंस रे माझ्यासाठी."

शुक्रवारी उदयला साडेसहालाच जाग आली. नीना स्वयंपाकघरात हळू आवाजात फोनवर बोलत होती. तिला न सांगता तो पुढच्या दाराने निघाला, स्लिपर्स घालूनच.

यतीनच्या गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. खालून शिडीची वरची पायरी दिसत होती आणि तिच्यावर यतीनचे दोन पाय. टाचा उचललेल्या.

उदय धावला. शटरला धरून तो खाली वाकला.

यतीन एका हाताने स्पॅनर फिरवत होता. फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला.

"नाही वहिनी, काल विसरलो, चूक झाली. आज चांगले चार ढिले केलेत, आठवडा निघेल. हो, कालसुद्धा दोनदा हसला. पण गोळ्या अजून तुमच्या पर्समध्येच राहू द्या. आणि उठला की पाठवा त्याला."