पहिली की दुसरी

"यांना काही कळतं का?" पारख्याने विचारलं.

"कसलं कळतंय! झटका आल्यापासून नुसता ओंडका," थोरला म्हणाला आणि हातातला कॉफीचा कप त्याने चाकांच्या खुर्चीत बसलेल्या लहानखुऱ्या बापाच्या मांडीवर टेकवला.

पारख्याला शिसारी आली. जुन्या गाड्यांची किंमत ठरवण्याच्या धंद्यात हावरी माणसं त्याने पैशाला पासरी पाहिली होती. पण बापाचं टेबल केलेलं तो पहिल्यांदाच पाहत होता.

भावांचं सगळं ठरलं होतं. पारख्याने आकडा सांगायचा, संध्याकाळी म्हाताऱ्याचा अंगठा घ्यायचा, एकेक गाडी वाटून घ्यायची आणि म्हाताऱ्याची रवानगी वृद्धाश्रमात. त्यासाठी दोघे आज न कळवताच येऊन थडकले होते. नर्सची धांदल उडालेली दिसत होती. ती दारात धापा टाकत उभी होती.

गॅरेजमध्ये दोन लाल कूपे, म्हणजे दोन दारांच्या बुटक्या गाड्या, शेजारी शेजारी होत्या. एकाच इटालियन कारखान्याच्या सख्ख्या बहिणी. पहिली आवृत्ती पातळ पत्र्याची, दिवे काचेच्या झाकणाआड, आत आराम औषधालाही नाही. काही वर्षांनी निघालेली दुसरी जाड बंपरची, गुबगुबीत सीटची, मोठ्या इंजिनाची. पळते दुसरीच जास्त, पण शौकीन जीव टाकतात पहिलीवर.

दुसरीच्या बॉनेटवर धूळ बसली होती. पहिलीच्या बॉनेटवर त्याने हात ठेवला, तर ते कोमट लागलं.

"दोन्ही बंदच असतात ना?"

"बाबा पडल्यापासून किल्लीसुद्धा लावलेली नाही," धाकटा म्हणाला.

पारख्याने आत डोकावलं. चालवणाऱ्याची सीट पार पुढे ओढलेली, शेजारच्या सीटवर बायकी निळा स्कार्फ. दोघे भाऊ तर ताडमाड. म्हणजे बाप असा पडलाय आणि यातला कुणीतरी त्याच्या गाडीत बाई घेऊन उंडारतोय, वर तिलाच चालवायला देतोय. शी!

थोरल्याने त्याला कोपऱ्यात घेतलं. "पहिलीची किंमत जरा पाडून सांगा. ती मी घेणार आहे. तुमचंही बघू काहीतरी."

थोड्या वेळाने धाकट्याने त्याला दुसऱ्या कोपऱ्यात नेलं आणि तेच सांगितलं, जवळपास त्याच शब्दांत. एकाच माळेचे मणी.

"कळवतो," पारखी तुटकपणे म्हणाला. कधी एकदा साबणाने हात धुतो असं त्याला झालं होतं.

"संध्याकाळी येतो. यांचा अंगठा तेवढा पुसून ठेव," असं नर्सला बजावून भाऊ निघून गेले. कप म्हाताऱ्याच्या मांडीवर तसाच राहिला.

पारख्याने तो उचलला. "ऐकू येत असेल तर माफ करा, आबा," तो हळूच म्हणाला. "पण फार घाणेरडी पोरं निपजली तुमची."

नर्सने फाटकाकडे बघून खात्री केली. मग पहिलीचं दार उघडून निळा स्कार्फ घेतला आणि डोक्याला बांधला.

"गेले, आबा."

म्हाताऱ्याने अंगावरची शाल भिरकावली, तो उठून उभा राहिला आणि त्याने खिशातून किल्ली काढली. "चल, पहिलीच काढू. या मेल्यांमुळे सकाळचा फेरा अर्धाच राहिला."