बायाइच्या फेरीचा कागद

"सायकल फेरी. बायाइची." जमादारानं खर्ऱ्याची लाल थुंकी बोटाले लावून अर्ज उलटला, मंग पालटला. "ही आता कोणती नवी बिमारी काढली?"

अल्का पोलीस ठाण्यात टेबलासमोर उभीच होती. खुर्ची एकच, आन तिच्यावर फायली बसल्या होत्या. बाजूले श्यामलाल. अल्का गावातली अंगणवाडीची बाई, आन श्यामलालचं बसस्टँडवर पंक्चरचं दुकान. दोन सालापासून अल्का धानाच्या बांध्याइमागं, पांदणीत, लोकाइच्या नजरेआड बायाइले सायकल शिकवत होती. भंगारातल्या सायकली श्यामलाल ठोकूनठाकून देत होता. बत्तीस बाया शिकल्या. पडल्या, टोंगळे फुटले, पण शिकल्या. आता त्याइले एकच पाहिजे होतं. एका इतवारी, भर दिवसा, बाजाराच्या रस्त्यानं, सगळ्या गावासमोरून तळ्याच्या पाळीपर्यंत जायचं.

"बिमारी नाही साहेब," अल्का म्हणाली. "सात किलोमीटर जायचं आन वापस यायचं."

"बंदोबस्त कोण देईल? जवान सारे कचारगडच्या यात्रेत लागले. पुढच्या महिन्यात पाहू."

"पुढच्या महिन्यात बाया पहाटेपासून मोहफूल वेचायले जातात, साहेब. तवा कोण येईल?"

जमादाराले तिच्या पिशवीतून काहीतरी निळं दिसलं. त्यानं न विचारता हात घातला आन ओढून काढलं.

"हे काय?"

"दुपट्टे. डोक्याले बांधायले, सगळ्याइचे सारखे."

"निळे काऊन?"

"गोरेगावच्या बाजारात एका रंगाचे एवढे तेच भेटले."

"असं?" जमादारानं ओलं बोट अर्जाच्या खालच्या सहीवर टेकवलं. "अल्का गजभिये. तरीच मी म्हणतो. नाव सायकलीचं, आन काढायचा मोर्चा. तुमच्या लोकाइचं हेच राहते."

"माझे लोक म्हणजे कोणते, साहेब?" अल्काचा आवाज चढला नाही, पण कडक झाला. "बत्तीसात गोंडाच्या आहेत, ढिवराच्या आहेत, पोवाराच्या आहेत. या काकाइची सून बी आहे."

"आवाज खाली. हे ठाणा आहे."

दुपट्ट्यावर जमादाराच्या बोटाचा लाल डाग पडला होता. कोपऱ्यातली भिंत कमरेपर्यंत पिचकाऱ्याइनं रंगली होती, तिचं श्यामलालले काही वाटलं नव्हतं. त्या डागाचं वाटलं.

श्यामलाल माणूस चांगला. पण त्याले अडलेलं पाहवत नाही. चेन अडकली का हात घालणार, बोट कापलं तरी चालते. त्यानं इथं बी तसाच हात घातला.

"साहेब, तिचं नाव राहू द्या. अर्ज माझ्या नावानं करा. श्यामलाल रहांगडाले लिहा."

अल्कानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं पाहिलं नाही.

"रहांगडाले?" जमादार खुर्चीतून अर्धा उठला. "कोणत्या गावचे? अरे, आमचा साडभाऊ रहांगडालेच! आधी सांगायचं ना भाऊ! बैठो, बैठो."

फायली खाली उतरल्या. श्यामलाल खुर्चीवर बसला. अल्का उभीच राहिली.

मंग काय, जमादारानं कोरा कागद घेतला, आन नवा अर्ज आपल्याच हातानं लिहून काढला. दोन जवान बी निघाले कुठून तरी. आतून ठाणेदार साहेबाची सही आली, शिक्का बसला. चहा सांगितला असता तं चहा यायच्या आधी कागद आला असता.

"आन दुपट्टे?" श्यामलालनं भीत भीत विचारलं.

"राहू द्या, राहू द्या. लेडीज लोक आहेत. असते शौक."

जमादारानं तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी सोडली, त्याच ओल्या बोटानं खर्रा सारखा केला आन पन्नी श्यामलालच्या पुढं धरली. "घ्या भाऊ."

खर्ऱ्याले श्यामलालनं आयुष्यात कोणाले नाही म्हटलं नव्हतं. आपल्याकडं म्हणत बी नाही कोणी. त्याचा हात आपोआप गेला, चिमूट तोंडात पडली, आन तवा त्याले वाटलं, अल्का आपल्या तोंडाकडंच पाहून राहिली. त्याले म्हणायचं होतं, साहेब, तिचं बी नाव टाका, सारं काम तिचंच आहे. पण रसानं तोंड भरलं होतं. त्यानं मान हलवली. जमादाराले वाटलं, राम राम केला. त्यानं बी उलटून हात जोडले.

फाटकाबाहेर येऊन श्यामलाल तीनदा थुंकला. हँडपंपावर चूळ भरली, दोनदा भरली. तोंडाची घाण काही जाऊन नाही राहिली.

निंबाखाली बायजाबाई आन आणखी दोघीजणी सायकली धरून उभ्या होत्या. सकाळपासून तशाच. बायजाबाई साठीची, गावोगाव मासोळी विकणारी, बत्तीसात सगळ्यात शेवटी शिकलेली. तिनं लांबूनच आवाज दिला.

"भेटली का वं परवानगी, अल्का?"

अल्कानं दुपट्ट्याइची पिशवी कॅरिअरले अडकवली. गाठ मारली, ओढून पाहिली.

"भेटली," ती म्हणाली. "काकाले भेटली."

श्यामलालनं कागद पुढं केला. शिक्क्याची शाई अजून सुकली नव्हती. तो घ्यायले कोणीच हँडलवरचा हात काढला नाही.