पुढच्या इयत्तेचं बीजगणित

“घातांक शून्य झाला, की उत्तरही शून्य का नाही येत, बाई?”

पलंगावर उशीला टेकून बसलेल्या मुलीने विचारलं. वय तेरा. डोक्यावर केस उरले नव्हते, हाताला सलाइनची सुई होती. बाईंनी पाटीवर आकडे मांडले. आठ, चार, दोन.

“पाया दोन. घातांक एकाने उतरला, की उत्तर निम्मं होतं. आता दोनाचं निम्मं?”

“एक.”

“तोच दोनाचा शून्यावा घात. आणखी खाली उतरलीस तर अर्धा, मग पाव. घातांक ऋण झाला तरी उत्तर काही शून्य होत नाही.”

“भारीच चिवट आहे की हो!” मुलगी म्हणाली. कोपऱ्यात मोसंबी सोलत बसलेली आई कौतुकाने हसली.

वर्ष बुडू नये म्हणून बाई रुग्णालयातल्या मुलांना शिकवायला यायच्या. ही मुलगी त्यांची लाडकी. परिमेय आणि अपरिमेय संख्यांतला फरक तिला एका बैठकीत कळला होता. कंस सोडवताना मात्र बाहेरच्या संख्येने ती पहिल्याच पदाला गुणायची आणि पुढे निघून जायची.

“दुसऱ्या पदाने तुझं काय घोडं मारलंय?” बाई विचारायच्या. मुलगी जीभ चावायची आणि खुदकन हसायची.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, आता औषधांचा उपयोग नाही. आईने बाईंना जिन्यातच गाठलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

“तिला यातलं काही कळता कामा नये. तुम्ही रोज येत राहा, बाई. अभ्यास चाललाय तोवर तिला वाटेल, सगळं ठीक आहे.”

दुसऱ्या दिवशी बाई पुढच्या इयत्तेचं पुस्तक घेऊन आल्या. मुलीने आईकडे बघत ते उघडलं आणि पहिलं उदाहरण मोठ्याने वाचलं.

आज मात्र तिला पेन्सिल धरवत नव्हती. गणित अर्ध्यावर सोडून तिने डोळे मिटले. बाईंनी हळूच पाटी काढून घेतली.

“आज एवढं पुरे. थोडे दिवस सुट्टी घेऊ या का आपण?”

मुलीने डोळे उघडले.

“आई, थोडं कोमट पाणी आणतेस?”

आई लगबगीने भांडं घेऊन बाहेर गेली. तिची पावलं लांब जाईपर्यंत मुलगी कानोसा घेत राहिली. मग तिने बाईंचं मनगट धरलं.

“सुट्टी नको, बाई. मला गणित मुळीच आवडत नाही, पहिल्यापासूनच. पण तुम्ही यायच्या थांबलात, तर मी बरी होणार नाही हे आईला कळेल.”