पटावरची लबाडी

रोज चहानंतर कुमुदिनीबाई इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या पटावर ओतत आणि भार्गवराव त्यांतून शब्द जुळवत. जन्मभर त्यांनी बिनदिक्कत खोटे शब्द लावले, वर तावातावाने भांडलेही. पक्षाघातानंतर मेंदूत चिप बसवली, तेव्हापासून मात्र ते क्षणात अचूक शब्द लावत.

"चिप बिघडली आहे. हे आता लबाडीच करत नाहीत!" बाईंनी डॉक्टरांना फोनवर सुनावलं.

"काकू, तो दोष आम्हीच काढून टाकलाय."

"कुणाला विचारून?" बाईंनी फोन आपटला. मग तरातरा येऊन त्यांनी भार्गवरावांचा लाडका शब्द पटावर मांडला: 'झिंबो'.

"असा शब्द नाही," ते शांतपणे म्हणाले.

"आहे!" बाई कडाडल्या. "बिनशेपटीचं माकड! त्याच्यावरून तीस वर्षं भांडलात माझ्याशी!"