मापाऱ्याची भूल

गंगापूरच्या कारभारी मापाऱ्यांनी मोजायला घेतलेलं धान्याचं पोतं जन्मात कधी अर्धं सोडलं नाही. पाठीवरची गाठ काढायला त्यांना संभाजीनगरात आणलं. भूल देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आकडे मोजा."

पहिल्या मापाला मापारी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. "लाभ, दोन, तीन," म्हणता म्हणता कारभाऱ्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा बायको, वच्छलाबाई, उशाशी मोसंबी सोलत होती. खाटेखालून कारभाऱ्यांचाच आवाज आला, "चार." पाठोपाठ ज्वारी ओतल्यासारखी सळसळ. त्यांचा एक पाय हलका झाला.

"पाच." दुसराही.

"अगं, खाली कोण मोजतंय?"

"नशा उतरली नाय वाटतं," वच्छलाबाई हसली. "पडा गुमान."

चादर सारखी करायला तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात टेकला. हात थेट गादीला लागला.

खालच्याला काही घाई नव्हती. "सहा."