चावलेला पाला

बायको मुक्ताबाई गेल्यापासून हौसराव न्हावऱ्याच्या शिवारात एकटाच बांधावरचं गवत कापायचा. पूर्वी विळा बोटाला लागला की तीच एकदांडीचा पाला खुडायची, तो चावून जखमेवर दाबायची आणि म्हणायची, "बगा, थांबलं का न्हाई रगत?"

श्रावणात त्याचं बोट कापलं. एकदांडी खुडायला तो वाकला, तर बांधावरच्या दगडावर चावलेला पाला तयार होता. हिरवागार, ओला. आसपास चिटपाखरू नव्हतं. त्यानं तो बोटाला लावला. रक्त थांबलं.

पुढच्या खेपेला पाला आधी दिसला. बोट नंतर कापलं.

हौसरावाला भीती वाटली नाही. घरात बोलायला नुसत्या भिंती होत्या. इथं निदान कुणीतरी त्याची वाट बघत होतं.

लेक फोनवर म्हणाली, "आबा, रानात एकटं नका जाऊ."

"एकटा कुठं हाय मी?"

आज तो बांधावर आला, तर दगडावर पाल्याचा ढीग होता. दोन ओंजळी तरी भरल्या असत्या. त्यानं हात लावला. पाला अजून कोमट होता.

त्याच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

हौसरावानं विळा हळूच लांब ठेवला आणि विचारलं, "आगं, येवढा कशापायी?"